नाव घ्यायचे, सातबारा द्यायचा नाही!

दरवर्षी ९ ऑगस्ट उजाडला की, ज्यांनी वर्षभरात डोंगरातल्या एकाही पाड्याची पायवाट तुडवलेली नसते असे मंत्री, आमदार, सभापती आणि संस्थाचालक डोक्याला मोरपिसांचा तुरा बांधून घेतात, तारप्याच्या फेरात चार पावले टाकून छायाचित्रे काढवून घेतात, बिरसा मुंडा आणि राघोजी भांगरे यांच्या तसबिरींना हार घालतात, आदिवासी बांधव हेच या भूमीचे मूळ मालक आहेत असे ध्वनिक्षेपकावरून गर्जून सांगतात. आणि त्याच मूळ मालकाने दुसऱ्या दिवशी त्याच भूमीच्या दोन एकरांवर हक्क सांगितला की त्याच शासनाचा वनरक्षक त्याच्या झोपडीच्या दारात उभा राहून त्याला ‘अतिक्रमणदार’ ठरवतो. चोवीस तासांत मालकाचा चोर होतो. हे ढोंग आहे.

हे ढोंग एका शब्दाच्या आडोशाने चालते, म्हणून आज त्या शब्दाचीच झडती घेणे आम्हांस प्राप्त आहे. आदि म्हणजे आरंभ, वासी म्हणजे राहणारा. आदिवासी म्हणजे आरंभापासून येथे राहत आलेला. अर्थ इतका उघड की चौथीतल्या पोरानेही तो फोडून सांगावा, आणि इतका अवघड की स्वातंत्र्यानंतरच्या एकाही सरकारला तो पचू नये. कारण या शब्दात दावा आहे. जो आरंभापासून राहतो त्याला न विचारता त्याच्या रानाला कुंपण कोणी घातले, त्याची नदी कोणी अडवली, त्याच्या डोंगरातले खनिज कोणाच्या नावे चढले, हे सारे प्रश्न त्या चार अक्षरांत दबा धरून बसलेले आहेत. शब्द उच्चारणाऱ्याने उत्तर द्यायचे असते. आमच्या राज्यकर्त्यांनी उच्चार तेवढा घेतला.

शब्द दिसतो संस्कृत, पण प्राचीन संस्कृत वाङ्मयात तो शोधू जाल तर हाती लागणार नाही. तेथे निषाद आहेत, शबर आहेत, पुलिंद आणि किरात आहेत. ऐतरेय ब्राह्मणाने शबर-पुलिंदांची गणना दस्यूंत करून टाकली आहे. कौटिल्याला ‘आटविक’, म्हणजे अटवीतली माणसे, आठवतात ती राज्याला उपद्रव देणारी म्हणून, नाही तर युद्धात उपयोगी पडणारे ‘अटवीबल’ म्हणून. ज्या अशोकाच्या करुणेचे आपण गोडवे गातो, त्याच्या तेराव्या शिलालेखात, कलिंगाच्या संहाराबद्दलच्या पश्चात्तापाला लागूनच, अटवीतल्या लोकांना राजाच्या सामर्थ्याची जाणीव ठेवण्याचा इशारा कोरलेला आहे. आणि हिरण्यधनूचा पुत्र एकलव्य! त्याचा तुटलेला अंगठा आम्ही पिढ्यान्‌पिढ्या गुरुभक्तीचा पाठ म्हणून मुलांना शिकवला. ज्याने काहीही शिकवले नव्हते त्याने दक्षिणा मागितलीच कशी, हा प्रश्न मात्र वर्गात उठू दिला नाही.

यांतले एकही नाव त्या लोकांनी स्वतः घेतलेले नव्हते. त्यांनी स्वतःला दिलेली नावे वेगळी आहेत आणि ती प्रत्येक मराठी वाचकाने एकदा मनाशी म्हणून पाहावीत. मेळघाटातल्या कोरकूच्या नावात ‘कोरो’ आहे, म्हणजे माणूस. कोरकू म्हणजे माणसे. छोटा नागपूरचा मुंडा स्वतःला ‘होडो’ म्हणतो, संताळ ‘होड’ म्हणतो, सिंगभूममध्ये तर एका जमातीचे नावच ‘हो’ आहे. तिन्हींचा अर्थ माणूस. गडचिरोली-चंद्रपूरचा गोंड ‘कोया’ आणि ‘कोइतूर’ या नावांनी स्वतःची ओळख सांगतो. आमच्या कोकणातला कातकरी तेवढा धंद्याच्या नावाने अडकला: खैराच्या झाडापासून कात करणारा तो कातकरी. पुढे खैराचे रान सरकारने घेतले, कात गेला, आणि नाव त्या गेलेल्या धंद्याची खूण म्हणून त्याला चिकटून राहिले. हे सारे लोक स्वतःला माणूस म्हणत आले, आणि बाहेरून येणारा प्रत्येक जण त्यांच्यासाठी दुसरे काही नाव घेऊन आला.

इंग्रज आले ते वहीच घेऊन आले. १८९१च्या जनगणनेत त्यांनी या लोकांना रानातल्या जमाती म्हटले. १९०१ आणि १९११मध्ये धर्माच्या रकान्यात ‘अ‍ॅनिमिस्ट’ करून टाकले. १९३१मध्ये ‘प्रिमिटिव्ह’ म्हणजे आदिम, रानटी अवस्थेतले ठरवले. १९३५च्या कायद्याने मागास जमाती म्हणून नोंदवले. त्याआधीच १८७१च्या कायद्याने पारध्यांसारख्या कित्येक जमाती जन्मजात गुन्हेगार म्हणून जाहीर झाल्या आणि १८७८च्या वनकायद्याने ज्या रानात त्यांच्या चुली पेटत होत्या ते रानच राखीव झाले. एका हाताने नाव लिहायचे आणि दुसऱ्या हाताने जमीन खोडायची, ही रीत तेव्हाची. परक्यांनी ती पाडली, हे खरे. पण स्वकीयांनी ती मोडली का? स्वतंत्र भारताच्या सरकारने १९७५पासून काही जमातींची ‘प्रिमिटिव्ह’ याच शब्दाने वेगळी वर्गवारी केली, त्यात महाराष्ट्रातले कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड बसवले, आणि तो शब्द अपमानकारक आहे हे ध्यानात येऊन तो बदलायला २००६ साल उजाडावे लागले. मराठी कागदांवर ‘आदिम जमाती’ हा शिक्का अजूनही सुखाने उमटतो आहे.

या सगळ्या नावांच्या गर्दीत ‘आदिवासी’ हा शब्द विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रुजला. तो कोणा परकीयाने आमच्यात फूट पाडण्यासाठी घडवला, असे सांगणारे पंडित आजकाल बरेच झाले आहेत. त्यांनी इतिहास वाचावा. हा शब्द देशभर फिरवला तो ठक्करबाप्पांनी: मुंबई महापालिकेतली अभियंत्याची नोकरी सोडून गोखल्यांच्या भारत सेवक समाजात आलेल्या आणि १९२२ साली दाहोदला भिल्ल सेवा मंडळ काढणाऱ्या, गांधीजींच्या निकटच्या त्या सेवकाने. आणि तो शब्द छातीवर मिरवला तो छोटा नागपूरच्या लोकांनी. १९३८ साली रांचीत आदिवासी महासभा उभी राहिली. पुढच्याच वर्षी तिचे अध्यक्षपद जयपाल सिंग मुंडा यांच्याकडे आले. १९२८ साली अ‍ॅम्स्टरडॅमच्या ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय हॉकी संघाचे कर्णधार, ऑक्सफर्डचे पदवीधर. मनात आणते तर साहेबी ऐटीत आयुष्य घालवते असे ते गृहस्थ. त्यांनी आपल्या लोकांसाठी हा शब्द निवडला. बाहेरच्यांनी लादलेल्या नावांच्या शेकडो वर्षांनंतर प्रथमच एक नाव असे आले, जे त्या लोकांनी मान ताठ करून स्वतःसाठी घेतले. म्हणून ते त्यांचे आहे.

१९ डिसेंबर १९४६ रोजी संविधान सभेत हे जयपाल सिंग उभे राहिले आणि त्यांनी स्वतःला ‘जंगली’ म्हणवून घेतले. ज्या शब्दाने शहाणे लोक त्यांच्या समाजाला हिणवत, तोच त्यांनी त्या सभेत आपल्या तोंडाने उच्चारला, आणि मग सुनावले की लोकशाही तुम्ही आम्हांला शिकवू नका, ती आमच्याकडून शिकून घ्या. आमचा सारा इतिहास बाहेरच्यांनी केलेल्या लुबाडणुकीचा आणि आम्ही केलेल्या बंडांचा आहे, असेही त्यांनी सांगितले. राज्यघटनेत ‘आदिवासी’ हाच शब्द असावा, हिंदी मसुद्यातला ‘बनजाति’ हा हिणकस शब्द काढून टाकावा, म्हणून ते सतत झगडले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला दिलेले उत्तर प्रामाणिक होते: आदिवासी हा सर्वसाधारण शब्द आहे, त्याला कायद्यात निश्चित अर्थ नाही, आणि हक्क द्यायचे तर ते कोणाला हे सांगणारी यादी पाहिजे, म्हणून ‘अनुसूचित जमाती’. कायदेपंडित म्हणून बाबासाहेबांचे म्हणणे बिनतोड होते, आणि त्या यादीमुळेच आज लोकसभेत, नोकरीत, शाळेत राखीव जागा आहेत, हे विसरणारा कृतघ्न ठरेल. अनुच्छेद ३४२ आणि पाचवी अनुसूची ही पोकळ आश्वासने नव्हेत, तो राष्ट्राने दिलेला शब्द आहे. पण यादी करणाऱ्याने ती हक्क पोहोचवण्यासाठी केली होती, आणि पुढे ती राबवणाऱ्यांनी तिचा उपयोग हक्क अडवण्यासाठी केला. हे पाप घटनाकारांच्या माथी मारता येणार नाही. ते आपले आहे.

यादीचा हा कारभार किती निर्दय आहे हे पाहायचे तर आसामात जावे. दीडशे वर्षांपूर्वी चहामळ्यांसाठी संताळ, मुंडा, उरांव मजूर तिकडे नेले गेले. झारखंडात राहिलेला त्यांचा भाऊबंद अनुसूचित जमातीत आहे, आणि मळ्यात राबणाऱ्या त्याच कुळातल्या माणसाला आसामच्या यादीत अनेक दशके जागा मिळाली नाही. ती मागण्यासाठी २००७ साली गुवाहाटीत मोर्चा आला तेव्हा भर रस्त्यात त्यांना बेदम मारहाण झाली आणि त्यांच्यातल्या एका मुलीची वस्त्रे फेडली गेली. त्या भागात ‘आदिवासी’ म्हणजे हेच चहामळ्यातले लोक. नागा, मिझो, खासी स्वतःला तो शब्द लावत नाहीत, आणि तो त्यांच्यावर लादण्याचा अधिकारही कोणाला नाही. ज्याचे नाव त्यानेच ठरवावे, हा आमचा आग्रह आहे आणि तो सर्वांना सारखा लागू आहे.

नेमका हाच आग्रह सभ्य समाजाला सोसवत नाही. गुजरातेत एकेकाळी या लोकांना ‘काळीपरज’ म्हणत, काळी प्रजा! १९२०च्या दशकात गांधीजींच्या कार्यकर्त्यांनी ते हीन नाव टाकून ‘रानीपरज’ आणले; हेतू शुद्ध होता. कोणी ‘गिरिजन’ म्हटले. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र रुजवणाऱ्या गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९४३ साली लिहिलेल्या पुस्तकाच्या नावातच या लोकांच्या मूळनिवासीपणाला ‘तथाकथित’ म्हटले आणि हे केवळ मागासलेले हिंदू आहेत असा निवाडा दिला. घुर्यांची विद्वत्ता आम्ही मानतो. त्यांचा हा निवाडा मानत नाही. शेकडो गावांच्या जमिनी सावकाराच्या वहीत गेल्या, हजारो कुटुंबे वेठीला जुंपली गेली, त्याला ‘मागासलेपण’ असे नाव दिले की लुटणारा अदृश्य होतो आणि लुटला गेलेलाच दोषी ठरतो.

अलीकडे ‘वनवासी’ या शब्दाचा घोष चालू आहे. १९५२ साली जशपूरला सुरू झालेल्या कार्यातून तो रूढ झाला. त्या कार्याच्या वसतिगृहांतून शिकून जी मुले वर आली त्यांचे आम्हांस कौतुक आहे. पण शब्दाचा विचार शब्द म्हणूनच केला पाहिजे. वनवास मराठी मनाला ठाऊक आहे तो शिक्षा म्हणून. रामाला तो चौदा वर्षांचा झाला आणि संपल्यावर अयोध्येचे सिंहासन मिळाले. वनवासी म्हणजे जो सध्या वनात राहतो तो. मग ज्याचे वनच काढून घेतले, जो आज भिवंडीच्या वीटभट्टीवर उचल फेडतो आहे, कोळसा पाडतो आहे, ऊसतोडीच्या कोपीत राहतो आहे, तो कातकरी, तो वारली, तो भिल्ल कोण? वन गेले की वनवासीपण गेले, वनवासीपण गेले की हक्क गेला! ‘आदि’ या दोन अक्षरांत काळ आहे, वारसा आहे, आधी कोण होते याचे स्मरण आहे. ती दोन अक्षरे छाटली की उरतो केवळ पत्ता, आणि पत्ता बदलता येतो. विस्थापनाचे आदेश काढणाऱ्या हातांना असाच शब्द सोयीचा असतो.

यावर एक शहाजोग प्रश्न विचारला जातो: हजारो वर्षांच्या सरमिसळीनंतर या देशात आधी कोण आले हे ठरवणार कोण? आपण सारेच येथले मूळनिवासी नाही का? हा प्रश्न दिवाणखान्यातच विचारला जातो असे नाही. जगाच्या व्यासपीठावर भारत सरकारचीही हीच भूमिका राहिली आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९५७चा करार आपण १९५८ साली मान्य केला. १९८९ साली आलेला, या समाजांच्या स्वनिर्णयाला खरा मान देणारा नवा करार आजतागायत मान्य केलेला नाही. १३ सप्टेंबर २००७ रोजी संयुक्त राष्ट्रांत मूळनिवासींच्या हक्कांचा जाहीरनामा संमत झाला तेव्हा भारताने बाजूने मत दिले, आणि आमच्याकडे तर सारेच मूळनिवासी, या आपल्या जुन्या भूमिकेने त्या मताची धार बोथट केली. सारेच मूळनिवासी असतील, तर धरणाखाली बुडताना सारे का बुडाले नाहीत? सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्राची जी ३३ गावे आली ती अक्कलकुवा आणि अक्राणीची. मणिबेलीच्या घरांत पाणी शिरले, पुण्या-मुंबईच्या घरांत शिरले नाही. कोणाचे पूर्वज कोणत्या शतकात कोणत्या खिंडीतून आले याचा वाद विद्वानांनी खुशाल घालावा. ज्यांची गावे राष्ट्रासाठी म्हणून बुडवायची, ज्यांची राने राष्ट्रासाठी म्हणून राखायची, ज्यांचे डोंगर राष्ट्रासाठी म्हणून फोडायचे, आणि हिशेबाच्या वेळी ‘आपण सगळे एकच’ म्हणायचे, ही एकात्मता नाही. ही लबाडी आहे.

रायगडातल्या दळी जमिनींकडे पाहा. इंग्रजी अमलापासून कातकरी आणि ठाकर कुटुंबे डोंगरउतारावरचे ते तुकडे नाचणी-वरीसाठी कसत आली. वनखात्याने स्वतः ते तुकडे त्यांना लावून दिले, आणि पुढे त्याच खात्याने त्यांना घुसखोर म्हटले. ठाण्याच्या जंगलपट्टीत लग्नासाठी काढलेल्या कर्जापोटी नवराबायको सावकाराच्या घरी जन्मभर राबत. त्यांना ‘लग्नगडी’ हे नाव होते. १९४५ साली गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्यासोबत वारली उठले, तलवाड्याला त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, तरी वेठ मोडली. १९७४ साली महाराष्ट्राने आदिवासींच्या गेलेल्या जमिनी परत देण्याचा कायदा केला. २००६ साली संसदेने वनहक्क कायदा केला आणि त्याच्या प्रास्ताविकात या समाजांवर ऐतिहासिक अन्याय झाला असे लेखी कबूल केले. कबुलीजबाब सरकारने स्वतःच्या सहीने दिला! आणि १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयात त्याच कायद्याखाली दावे फेटाळले गेलेल्या लक्षावधी कुटुंबांना रानाबाहेर काढण्याचा आदेश झाला, तेव्हा त्या कायद्याची बाजू हिरिरीने मांडायला सरकार कोठे होते? पंधरवड्यात आदेशाला स्थगिती मिळाली. टांगती तलवार काही खाली उतरली नाही.

त्याच्या आदल्या वर्षी, मार्च २०१८मध्ये, नाशिकहून मुंबईपर्यंत हजारो माणसे चालत आली. बहुसंख्य आदिवासी, बहुसंख्यांची मागणी एकच: वनजमिनीचा पट्टा नावावर करा. तळपायांची कातडी सोललेली ती माणसे शेवटच्या रात्री थांबली नाहीत, रातोरात आझाद मैदान गाठते झाली, कारण सकाळी रस्ता अडला असता तर मुंबईच्या मुलांची दहावीची परीक्षा चुकली असती. कोणाला असंस्कृत म्हणता? त्या मोर्चाला सरकारने सहा महिन्यांत दावे निकाली काढण्याचे लेखी आश्वासन दिले. मार्च २०२३मध्ये त्याच जिल्ह्यातून, त्याच मागणीसाठी, तीच माणसे पुन्हा वासिंदपर्यंत चालत आली. पाच वर्षांत सरकारे बदलली, कागद हलला नाही.

आणि आता महाराष्ट्राची मान खाली घालणारी गोष्ट. १९९४ साली अहमदनगर जिल्ह्यात एका भिल्ल तरुणीला मारहाण करून, नग्न करून, गावाच्या रस्त्यावरून तिची धिंड काढण्यात आली. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली झालेली शिक्षा पुढे वरच्या न्यायालयात टिकली नाही. का? तर जातीचे प्रमाणपत्र दाखल केलेले नव्हते, आणि तपास ठरावीक दर्जाच्या अधिकाऱ्याने केलेला नव्हता! जानेवारी २०११मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपींचे अपील फेटाळताना या तांत्रिक कारणांवर कडक ताशेरे ओढले, हे लोक या देशाच्या मूळ रहिवाशांचे वंशज आहेत असे निकालपत्रात नमूद केले, एकलव्याच्या अंगठ्याची आठवण करून दिली आणि या समाजाला आजवर दिलेल्या वागणुकीची लाज वाटली पाहिजे असे बजावले. त्या मुलीला विवस्त्र करताना गावगुंडांनी तिच्याकडे प्रमाणपत्र मागितले नव्हते. ती भिल्ल आहे हे त्यांना ठाऊक होते. ते केवळ कायद्याला ठाऊक नव्हते.

ज्या नावामुळे एकीची वस्त्रे फेडली जातात, त्याच नावाचे बनावट प्रमाणपत्र करून दुसरे कोणी तिच्या भावाची नोकरी बळकावतात. ‘बोगस आदिवासी’ हा शब्दप्रयोग महाराष्ट्राने भारतीय राजकारणाला दिलेली देणगी आहे, आणि ती आम्हांस कलंकासारखी वाटते. पडताळणी समित्या नेमाव्या लागल्या त्या १९९४च्या ज्या निकालाने, तो महाराष्ट्रातल्याच महादेव कोळी जमातीच्या खोट्या दाव्याचा होता. जुलै २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की खोट्या दाखल्यावर मिळवलेल्या नोकरीला संरक्षण नाही. तो खटलाही महाराष्ट्रातला. मग शासनाने काय केले? डिसेंबर २०१९मध्ये निर्णय काढून अशा कर्मचाऱ्यांसाठी ‘अधिसंख्य’ पदे निर्माण केली आणि त्यांना खुर्चीत बसवून ठेवले, आणि रिकाम्या झालेल्या जागांवरच्या भरतीसाठी खऱ्या आदिवासी तरुणांना रस्त्यावर उतरायला लावले. रस्त्यात कोणी ‘आदिवासी’ म्हणून हाक मारली तर शिवी समजून भांडायला उठणारे लोक तोच शब्द दाखल्यावर चढवण्यासाठी दलालाला पैसे मोजतात. यांना लाज कशी वाटत नाही?

२०११च्या गणनेत महाराष्ट्रात १ कोटी ५ लाख आदिवासी मोजले गेले, शंभरांत नऊहून अधिक. त्यांच्या नावाने स्वतंत्र खाते आहे, स्वतंत्र उपयोजना आहे, लोकसंख्येच्या प्रमाणात निधी देण्याचे बंधन सुखटणकर समितीच्या शिफारशीपासून आहे. आणि त्यांच्या नावाने बालमृत्यू आहेत: १९९२ साली जव्हारच्या वावर-वांगणीने सारा देश हादरला, मेळघाटासाठी न्यायालयाला वर्षानुवर्षे सरकारला जाब विचारावा लागला. आश्रमशाळांत मुले दगावू लागली, तेव्हा कारणे शोधायला २०१६ साली साळुंखे समिती बसवावी लागली. आदिवासी विकास खात्यातच २००४ ते २००९ या काळात झालेल्या गैरव्यवहारांच्या चौकशीसाठी उच्च न्यायालयाच्या आदेशाने निवृत्त न्यायमूर्ती गायकवाड यांची समिती नेमावी लागली. ज्या खात्याच्या पाटीवर ‘आदिवासी’ आणि ‘विकास’ हे दोन्ही शब्द आहेत, त्या खात्याची ही कीर्ती! लेकराच्या ताटातले दूध ज्या हातांनी पळवले ते हात तुरुंगात दिसेपर्यंत त्या पाटीवरचा पहिला शब्द उच्चारण्याचा अधिकार शासनाला नाही.

शब्दाला जागणे म्हणजे काय हे दाखवणारी माणसेही याच राज्यात आहेत. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाने ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ असे ठणकावले, सर्वसहमतीने निर्णय घेण्याची आपली रीत सोडली नाही, आणि २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. हक्क मिळूनही आपला बांबू आपण विकण्यासाठी त्यांना वनखात्याशी आणखी दोन वर्षे झुंजावे लागले; २०११ साली वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले तेव्हा केंद्रीय मंत्र्याला गावात यावे लागले. ओडिशाच्या नियमगिरीत २०१३ साली बारा ग्रामसभा बसल्या, डोंगरिया कोंध स्त्री-पुरुषांनी न्यायाधीशासमोर एकेक करून सांगितले की हा डोंगर आमचा देव आहे, आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला. जयपाल सिंगांनी संविधान सभेत लोकशाही आमच्याकडून शिका असे बजावले होते, त्याचा पुरावा हा असा रानात उभा आहे.

म्हणून आम्ही सरकारकडे भाषण मागत नाही, दिन मागत नाही, आणखी एक पुतळाही मागत नाही. वनहक्काच्या नियमांत सर्व काही लिहिलेले आहे: दावा आधी ग्रामसभेने तपासायचा, गावातल्या वडीलधाऱ्यांचा जबाब पुरावा म्हणून धरायचा, दावा फेटाळला तर कारण लेखी कळवायचे आणि अपिलाला साठ दिवस द्यायचे. उपविभागीय आणि जिल्हा समित्यांनी हे पाळले का? ज्या दावेदाराला आपला दावा फेटाळल्याचेच बेदखलीच्या नोटिशीवरून कळते, त्याने अपील कोणत्या साठ दिवसांत करायचे? ज्यांना पट्टे मिळाले त्यांच्या क्षेत्राची मोजणी का झाली नाही, कसत्या जमिनीतले निम्मे कागदावर आलेच कसे नाही, आणि पट्टा असूनही बँक पीककर्जाला नकार कशाच्या आधारावर देते? महसूलमंत्री, वनमंत्री आणि आदिवासी विकासमंत्री या तिघांनी याचे उत्तर एकमेकांकडे बोट न दाखवता द्यावे. फेटाळलेला प्रत्येक दावा पुन्हा त्या त्या ग्रामसभेसमोर, त्याच गावात, तेथल्या लोकांना कळेल अशा बोलीत उघडला पाहिजे. तोवर एकाही कुटुंबाच्या झोपडीला हात लागता कामा नये. तालुकावार किती दावे आले, किती मंजूर झाले, किती कोणत्या कारणाने फेटाळले, किती वर्षे कोणाच्या टेबलावर पडून आहेत, ही यादी शासनाने जाहीर करावी. ती जाहीर झाली नाही तर ग्रामसभांनी आपापल्या नोंदी आमच्याकडे पाठवाव्यात. आम्ही त्या याच स्तंभात, तालुक्याच्या आणि अधिकाऱ्याच्या हुद्द्याच्या उल्लेखासह, रोज छापू.